लोहमार्गाचा वाढता खर्च व कंत्राटदाराचे भांडवल

लोहमार्गाचा खर्च अंदाजाबाहेर गेला म्हणजे तो सोसावयाचा कोणी, हा प्रश्न भांडवल घालणाऱ्याने आधी विचारला पाहिजे. बोरघाटाचेच उदाहरण घ्या. १८५६ साली फॅव्हिएल या कंत्राटदाराने ते काम हाती घेतले व १८५९ साली मजुरांच्या दंग्यानंतर सोडून दिले. त्याच्यामागून आलेला सॉलोमन ट्रेडवेल लवकरच मरण पावला. त्याची पत्नी अॅलिस हिने काम पुढे चालविले, तेव्हा १८६३ साली घाट खुला झाला. कंपनीच्या भागीदारांस मात्र शेकडा ५ व्याजाची सरकारी हमी होती, आणि तिची तूट हिंदी रयतेने भरावयाची! ज्याचे व्याज बुडत नाही, त्याला काटकसरीची निकड कसली?

ज्या कंत्राटदारास अशी हमी नाही, तो शहाणा असल्यास एक तर दूर राहतो, नाही तर नुकसानीची भीती आधीच दरात मिळवितो. दोन्ही प्रकारे भुर्दंड लोकांनाच. म्हणून जमीन ताब्यात आल्यावाचून व खडकाची पाहणी पुरी झाल्यावाचून निविदा काढू नयेत, भाव चढल्यास दरवाढीची अट करारात असावी आणि बिले मुदतीत चुकती व्हावीत. आमच्या व्यापारी बंधूंनीही नफ्याच्या आकड्याआधी जोखमीचे कलम वाचावे.