लुगडे, पोलके आणि पेशवाज : एकोणिसाव्या शतकातील स्त्रीवेश व नृत्यवेशाची घडण

बेळगाव-निपाणी परिसरातील महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात लावणी सादर व्हायची असली की नऊवारी भाड्याने आणली जाते. विद्यार्थिनीच्या लेखी तो लावणीचा 'ड्रेस' असतो. तिच्या पणजीच्या लेखी मात्र ते रोजचे लुगडे होते. तेच नेसून ती पाणी भरत असे, शेतात भांगलण करत असे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांचाही हाच वेश होता. रोजचे वस्त्र नृत्यवेश कसे बनले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा प्रश्न केवळ कापडाचा नाही. वेशाबरोबर तो परिधान करणाऱ्या स्त्रीविषयीचे समाजाचे मतही बदलत जाते आणि त्याची झळ शेवटी तिलाच बसते.

प्रथम पेशवाजाचा विचार करू. हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ 'पुढून उघडा' असा आहे. ('पेशवा' या शब्दातही हाच 'पेश', म्हणजे पुढचा, आहे.) कमरेपर्यंत घट्ट, खाली घेरदार असा हा झगा तंग पायजम्यावर घालत. मुघल जनानखान्यातील प्रतिष्ठित स्त्रिया तो वापरीत. एकोणिसाव्या शतकापर्यंत मात्र तो मुख्यतः दरबारात नाचणाऱ्या स्त्रियांचा वेश म्हणून ओळखला जाऊ लागला. जुन्या मराठी कोशांतही पेशवाज म्हणजे नाचणारणीचा झगा, असाच अर्थ मिळतो. बेगमांचा पोशाख कलावंतिणीकडे आला आणि तेथेच राहिला. पुढे नऊवारीच्या बाबतीत जे घडले, त्याची ही पूर्वआवृत्तीच म्हणावी लागेल.

त्या काळी लावणी गाणाऱ्या तमाशाच्या फडात पेशवाज नव्हता, कारण तेथे स्त्रीच नव्हती. स्त्रीचे सोंग 'नाच्या पोऱ्या' घेई. त्याला गौळण किंवा घरंदाज नार दाखवायची असल्याने त्याने सामान्य मराठी स्त्रीचेच लुगडे नेसणे स्वाभाविक होते. सगनभाऊसारख्या, जातीने शिकलगार असलेल्या मुस्लिम शाहिराच्या लावण्या या फडांतून गाजल्या. पुढे पठ्ठे बापूराव (1866-1945) यांच्या फडात पवळा हिवरगावकर (1870-1939) उभी राहिली. तमाशाच्या पहिल्या स्त्री कलावंतांत तिचे नाव घेतले जाते. पोऱ्याची जागा स्त्रीने घेतली तरी वेश तोच राहिला. लावणीसाठी कोणी वेगळा पोशाख बेतल्याचे दिसत नाही. रस्त्यावरचा वेश तसाच बोर्डावर आला.

तो टिकण्यामागे त्याची रचनाही आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. निऱ्यांचा काष्टा पायांमधून मागे खोचला की दोन्ही पाय मोकळे होतात. खाली बसणे, गिरकी घेणे, पाय आपटून घुंगरू बोलवणे यांपैकी कशालाही अडथळा येत नाही. शेतात वाकण्यासाठी जी सोय होती, तीच नाचाला उपयोगी पडली. इरकली लुगड्यात अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे असून ते 'तोप-तेनी' पद्धतीने गाठींसारखे एकमेकांत अडकवतात. इळकलशिवाय बेळगावलगतच्या शहापुरातही साड्यांचे विणकाम चाले. शहापूर हे त्या वेळी सांगली संस्थानाच्या ताब्यातील गाव होते. चोळीला लागणारा खण गुळेदगुड्डचा. म्हणजे कलावंतीण आणि कुणबीण यांच्या अंगावर बहुधा एकाच मागावरचे कापड असे.

युरोपमध्येही नृत्यवेश रोजच्या वेशातूनच निघाला. अठराव्या शतकात मारी कामार्गो या नर्तिकेने पायांची कामगिरी दिसावी म्हणून आपला झगा थोडा आखूड केला, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. 1832 मध्ये पॅरिसला 'ला सिल्फीद' या बॅलेत मारी ताल्योनी पोटरीपर्यंतच्या पांढऱ्या, तलम झग्यात नाचली. त्या झग्याची चोळी तत्कालीन स्त्रियांच्या पोशाखासारखीच घट्ट होती. फरक लांबीचा आणि कापडाच्या हलकेपणाचा. या हलकेपणाची किंमतही मोजावी लागली. 1862 मध्ये रंगमंचावरील गॅसच्या दिव्यामुळे एमा लिव्री हिच्या झग्याने पेट घेतला आणि काही महिन्यांनी, 1863 मध्ये, तिचा मृत्यू झाला. कापड पेटू नये म्हणून ते रसायनात बुडवण्याची सोय तेव्हा उपलब्ध होती. परंतु त्याने कापड कडक व मळकट दिसे, म्हणून तिने ती नाकारली होती. आज सरावासाठी वापरतात त्या अंगाबरोबरच्या 'लिओटार्ड'चे नाव तर एका पुरुषाचे आहे: झुल्यावर कसरती करणारा फ्रेंच कलाकार झ्यूल लेओतार (मृत्यू 1870).

याच काळातला एक धागा मराठी घरापर्यंत येतो. बोहेमियातील 'पोल्का' हे नृत्य 1844 च्या सुमारास पॅरिस व लंडनमध्ये कमालीचे लोकप्रिय झाले आणि त्याच्या नावाने स्त्रियांचे आखूड, तंग जाकीटही विकले जाऊ लागले. मराठीतील 'पोलके' हा शब्द या 'पोल्का'शी जोडला जातो. पुढे गाठ मारायच्या आखूड चोळीऐवजी बटणांचे, लांब बाह्यांचे पोलके आले, ते शिकलेल्या घरांत सभ्यतेची खूण ठरले. नाचाचे नाव मिरवणारे वस्त्र इथे प्रतिष्ठित व्हावे आणि प्रतिष्ठितांचे लुगडे नाचाचे व्हावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे!

लुगड्याचे हे स्थलांतर मात्र विसाव्या शतकातले. त्याआधी रंगभूमीने नऊवारीला उलट प्रतिष्ठाच दिली होती. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' 1880 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे बालगंधर्वांच्या (1888-1967) नऊवारी शालूंचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. हळूहळू शहरी, शिक्षित स्त्रीने परकरावर नेसायची गोल साडी स्वीकारली. काष्ट्याचे लुगडे म्हाताऱ्या, कष्टकरी बायका आणि तमाशातील कलावंत यांच्याकडे उरले. वेश बदलला होता तो इतरांनी; कलावंत स्त्रीने फक्त जुना सोडला नाही. तरीही 'नाचणारणीचा वेश' असा शिक्का तिच्याच कपड्यावर बसला.

सीमाभागात हा शिक्का अधिक बोचतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची प्रथा याच जिल्ह्यातली. मुंबई प्रांताचा 1934 चा देवदासी संरक्षण कायदा इथेही लागू होता, कारण 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. 1982 मध्ये कर्नाटकने स्वतंत्र कायदा केला. या स्त्रियांचे शोषण दारिद्र्याने आणि रूढीने झाले, लुगड्याने नव्हे. अंगावरच्या वेशावरून मुलीची परीक्षा करणारे हा फरक सहसा लक्षात घेत नाहीत.

अलीकडे भाड्याने मिळणारी नऊवारी बहुधा शिवलेली असते. तिच्या निऱ्या आधीच टाचलेल्या असतात आणि ती पायजम्यासारखी चढवून कमरेशी बांधतात. ती घालायला नेसण्याचे ज्ञान लागत नाही. जे वस्त्र कात्री न लावता, केवळ घड्या आणि गाठीने अंगाला बसत होते, ते आता पेशवाजाप्रमाणे शिंप्याकडून शिवून येते.