पुढच्या रांगा कुणाच्या?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम आणि चॅपेल हिल ही दोन गावं आहेत. मधलं अंतर जेमतेम 16 किलोमीटर. डरहॅमला ड्यूक हे खासगी विद्यापीठ, तर चॅपेल हिलला राज्याचं सरकारी विद्यापीठ. दोघांचा रंग निळाच, एकाचा गडद आणि दुसऱ्याचा आकाशी, आणि बास्केटबॉलवरून दोघांचं हाडवैर. या गावांच्या जवळच रिसर्च ट्रँगल पार्क नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिथे कंपनीच्या कामासाठी मी दोन हिवाळे काढले. ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला आधी नाव विचारायचे आणि लगेच "तू कुठल्या निळ्याचा?" असं विचारायचे.

आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हणजे दोन्ही संघ, एक पंच आणि तास बुडवून आलेली पाच-पंचवीस पोरं. तिथे या सामन्यांसाठी तिकिटं मिळत नाहीत. ड्यूकचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम 9,314 माणसांचं. चॅपेल हिलचं डीन स्मिथ सेंटर 21,750 माणसांचं, म्हणजे दुपटीहून मोठं. तरी पाहुण्या संघांच्या छातीत धडकी भरते ती लहान जागेत. मला याचं कोडं पडलं होतं. दोन्हीकडे जाऊन आल्यावर ते बरंचसं सुटलं.

कॅमेरॉन 1940 च्या जानेवारीत उघडलं. बाहेरून दगडी, एखाद्या जुन्या चर्चला शोभेल असं. त्याचा आराखडा केला ज्युलियन एबल या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने, आणि तेव्हा त्या विद्यापीठात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तो मिळायला 1960 चं दशक उजाडावं लागलं. आतली जागा अगदी आटोपशीर. मैदानाच्या एका लांब बाजूला, रेषेपासून हाताच्या अंतरावर, विद्यार्थ्यांची लाकडी बाकं. त्यांना बाकं म्हणायचं इतकंच, कारण सामना संपेपर्यंत कुणी बसत नाही. तोंडाला निळा रंग फासलेली शेकडो पोरं-पोरी एका तालात उड्या मारतात. मी वरच्या मजल्यावर होतो, तरी पायांखाली थरथर जाणवत होती. पाहुण्या खेळाडूला बाजूरेषेवरून चेंडू आत टाकायचा असला की त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर डझनभर हात वळवळत असतात.

ही जागा विद्यार्थ्यांना फुकट असते, पण स्वस्तात मिळत नाही. 1986 पासून तिथे एक प्रथा आहे. चॅपेल हिलविरुद्धच्या सामन्याआधी कित्येक आठवडे मुलं स्टेडियमबाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकून राहतात. प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांच्या नावावरून त्या वस्तीला के-व्हिल म्हणतात. नियम मुलांनीच केलेले आणि पाळून घेणारीही मुलंच. तंबूत कुणी ना कुणी हजर हवं, रात्री अवेळी कर्णा वाजला की हजेरी, आणि हजेरी चुकत राहिली तर तंबू बाद. शशेव्स्की या मुलांना पिझ्झे पाठवायचे, ही तिथली आवडती गोष्ट.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय असते. सप्टेंबरात एका शनिवार-रविवारी वाहनतळावर तळ ठोकायचा, भोंगा वाजला की नोंदवहीकडे धावायचं, आणि शेवटपर्यंत टिकलेल्यांमध्ये चिठ्ठ्या टाकून हंगामाची तिकिटं द्यायची. माझा मावसभाऊ तेव्हा तिथे एमएस करत होता. त्याने मावशीला व्हिडिओ कॉलवरून तो वाहनतळ दाखवला आणि पोराला खोली सोडावी लागली या समजुतीने तिने रात्री मला फोन केला. त्याची चिठ्ठी निघाली. भाड्याच्या ट्रकमध्ये झोपून मिळवलेलं तिकीट असलं की माणूस सामन्यात मोबाइल बघत बसत नाही, हे त्याच्याकडे बघून पटलं.

या उत्साहाची दुसरी बाजूही आहे. 1984 च्या जानेवारीत ड्यूकच्या मुलांनी मेरीलँडच्या एका खेळाडूला इतकं घाणेरडं डिवचलं की देशभर छी-थू झाली. विद्यापीठाचे अध्यक्ष टेरी सॅनफर्ड यांनी कुणाला निलंबित केलं नाही. त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांना एक पत्र लिहिलं, वडीलधाऱ्या माणसाने लिहावं तसं, आणि खाली सही केली 'अंकल टेरी'. पुढच्या घरच्या सामन्याला चॅपेल हिलचा संघ आला, तेव्हा मुलं डोक्यावर देवदूतांची तेजोवलयं लावून बसली होती. पंचांचा निर्णय पटला नाही की शिवीऐवजी 'आमचं नम्रपणे वेगळं मत आहे' अशा अर्थाचा घोष एका सुरात व्हायचा. घरात काका चिडले की पोरं काही वेळ जास्तच शहाण्यासारखी वागतात, तसलाच प्रकार.

आता चॅपेल हिलकडे येऊ. 1986 पर्यंत हा संघ कार्मायकल या लहान सभागृहात खेळायचा. मायकेल जॉर्डन कॉलेजात असताना तिथेच खेळला. त्या जागी संघाने 169 सामने जिंकले आणि फक्त 20 हरले. मग मागणी वाढली म्हणून डीन स्मिथ सेंटर बांधलं. सुमारे 3.4 कोटी डॉलर लागले, ते सारे देणगीतून आले, आणि देणगीदारांना बदल्यात मैदानालगतच्या जागांचे हक्क मिळाले. विद्यार्थी बरेचसे वर गेले. 1991 मध्ये फ्लोरिडा स्टेटचा सॅम कॅसेल तिथे जिंकून बाहेर पडला आणि म्हणाला की हे प्रेक्षक वाइन आणि चीज घेऊन बसणाऱ्यांपैकी आहेत. ते बिरूद आजही चिकटून आहे.

मी तिथे गेलो तो एका सहकाऱ्याने दिलेल्या तिकिटावर, आणि जागा नेमकी खालच्या भागात. शेजारी एक आजोबा होते, सभागृह उघडल्यापासून येणारे. प्रत्येक खेळाडूची आई काय करते हेही त्यांना ठाऊक. टाळ्या मनापासून वाजवत, पण गुडघ्यांमुळे उभं राहणं जमत नव्हतं. त्यांच्यासारख्यांच्या पैशावर ती इमारत उभी आहे, हे विसरून त्यांना नावं ठेवणं मला जड जातं. पण आवाज मात्र वरून, लांबून, गाळून आल्यासारखा येत होता.

याचा एक प्रयोग निसर्गानेच करून दाखवला. जानेवारी 2000 मध्ये तिथे प्रचंड बर्फ पडलं. मेरीलँडविरुद्ध सामना होता आणि हंगामी तिकीटवाले गाड्या काढू शकेनात. तेव्हा जो पोचेल त्याला जागा असं ठरलं. वसतिगृहांतली मुलं बर्फ तुडवत आली आणि थेट खालच्या रांगांत शिरली. संघ आधी ओळीने हरत होता, तो त्या रात्री जिंकला. जुने लोक त्या रात्रीबद्दल बोलतात तेव्हा गुणफलक क्वचित सांगतात, आवाजाबद्दलच सांगतात. पुढे बास्केटमागे विद्यार्थ्यांसाठी उभं राहायची जागा काढण्यात आली.

आवाजाने खरंच सामना फिरतो का? इंग्लंडमध्ये फुटबॉल पंचांवर झालेला, 2002 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. तेच प्रसंग काही पंचांना आवाजासह आणि काहींना आवाजाविना दाखवले. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांचे फाउल कमी दिले. म्हणजे ओरडा खेळाडूंपेक्षा शिट्टीवाल्याच्या मनावर जास्त बसत असावा. 2020-21 च्या हंगामात करोनामुळे कॅमेरॉन रिकामं राहिलं आणि ड्यूकला 1995 नंतर प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली नाही. संघ कोवळा होता, त्यामुळे सगळा दोष रिकाम्या बाकांवर टाकणार नाही. पण त्या मोसमाचं चित्रीकरण बघा. बुटांची करकर ऐकू येते.

पुढचं मला काळजीचं वाटतं. 2025 पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादाच सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. हा पैसा कुठून तरी यायला हवा, आणि मैदानालगतच्या खुर्च्या हे सर्वांत सोपं दुकान आहे. आपल्या मंडळाच्या नाटकाला पहिल्या दोन रांगा देणगीदारांसाठी राखून ठेवतो, त्यातल्या निम्म्या तिसऱ्या घंटेपर्यंत रिकाम्या असतात आणि रंगमंचावरच्या नटाला नेमक्या त्याच दिसतात. तिथे तर गणित कोटींचं आहे.

डीन स्मिथ सेंटर आता चाळिशीला आलं. ते दुरुस्त करावं की दुसरीकडे नवं बांधावं, यावर चॅपेल हिलमध्ये जोरदार वाद चालला आहे. मावसभाऊ गडद निळ्याचा, म्हणून त्याला यात मजा वाटते. मी आकाशी निळ्याचा. नकाशे प्रसिद्ध झाले की छत, पार्किंग, खाण्याचे स्टॉल हे सगळं नंतर बघेन. आधी विद्यार्थ्यांची बाकं रेषेपासून किती फुटांवर काढली आहेत ते मोजणार आहे.