‘पोलिसाला देईन’ असे मुलाला सांगू नका



पोर जेवत नसले की आपल्याकडे घरातले मोठे म्हणतात, “थांब, पोलिसाला बोलावतो.” दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, खाकी गणवेश रोज नजरेसमोर असतो, तरी तिथेही हेच. बोलणाऱ्याच्या मनात काही नसते. मुलाच्या मनात मात्र एवढेच बसते, की पोलीस म्हणजे धरून नेणारा. मग खरा प्रसंग आला, तर ते पोलिसाकडे जाईल कशाला?

दरवर्षी २ ते ८ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना सप्ताह असतो. २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राज्याच्या पोलीस दलाला ध्वज मिळाला, त्याची ही आठवण. या दिवसांत शाळांची मुले ठाणे पाहायला जातात. बंदुका, बेड्या, वायरलेस पाहून पोरांना मौज वाटते, वाटावीच. परंतु आमच्या मते बंदुकीपेक्षा ठाणे अंमलदाराचे टेबल दाखवणे जास्त गरजेचे आहे. तक्रार कोण लिहून घेतो, ती वाचून दाखवावी लागते, तिची नक्कल फुकट मिळते, हे आठवीच्या मुलाला सहज कळते. हद्द आपली नाही म्हणून गुन्हा नोंदवायचा नाही, असे कोणत्याही ठाण्याला म्हणता येत नाही, हेही सांगावे. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, यवत, दौंड यांपैकी आपले गाव कुठल्या ठाण्याखाली येते, हे तरी किती घरांत ठाऊक आहे?

आता अवघड भाग. उसात बिबट्या आहे, एकटा जाऊ नको, हे शिरूरच्या बाजूला घरोघर सांगतात. माणसांविषयी बोलताना मात्र जीभ जड होते. लहान मुलाशी वाईट वागणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. म्हणून ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको’ एवढ्यावर भागत नाही. नको तिथे कोणी हात लावला तर ओरडायचे, तिथून पळायचे, भरवशाच्या माणसाला सांगायचे. आणि ‘कुणाला सांगू नको’ असे जो म्हणेल, त्याचेच नाव आधी सांगायचे. हे मुलग्यांनाही शिकवा, त्यांनाही धोका असतो.

मुलाने सांगितले, की पुढचे काम मोठ्यांचे. इथेच गावकी आडवी येते. अब्रूचा प्रश्न आहे, मिटवून टाका, असे चार शहाणे म्हणतात. २०१२ चा पोक्सो कायदा स्पष्ट आहे : असा गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणारा स्वतः सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र होतो. गुन्हा नोंदवून न घेणाऱ्यालाही तीच शिक्षा. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, आईबापांसमोर, अधिकाऱ्याने गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही. निम्मी भीती एवढ्याने जावी. तरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला चिमुरड्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले. म्हणून हेही लक्षात ठेवा, की ठाण्याने दाद दिली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवता येते.

मुलांना १०९८ हा नंबर पाठ करायला लावा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा दिवसरात्र फुकट चालते. शाळा सोडवून कामाला लावले, अठराच्या आत मुलीचे लग्न ठरवले, दौंड स्टेशनात चुकलेले पोर रडताना दिसले, तरी हाच नंबर. पोलीस तातडीने हवे असतील तर ११२.

हे सारे शाळेत येणाऱ्या मुलांचे झाले. आपल्याच फडात ऊसतोड कामगारांची पोरे आहेत. आईबाप पहाटे कोयता घेऊन गेले, की दहा वर्षांची बहीण कोपीवर धाकट्याला सांभाळते. तिला कोण सांगणार? स्थलांतरित मुलांना शाळेत दाखल करून घेण्याचे बंधन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच घातले आहे, त्यासाठी कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. मुकादमाकडून टोळीतल्या मुलांची नावे घेऊन ती जवळच्या शाळेत देणे, एवढे काम कारखान्याचे शेतकी कर्मचारी करू शकतील. जानेवारीचा तो सप्ताह ऐन गळिताच्या भरात येतो. ठाणे पाहायला निघालेल्या मुलांच्या रांगेत कोपीवरची चार पोरे घ्यायला मुख्याध्यापकांची ना नसावी, आणि गाडी लागली तर आपल्यापैकी कुणाची तरी जीप त्या दिवशी मोकळी असेलच.