रायफल हवी, पण कशाला?

पवनारच्या शिवारात हरभरा घाट्यावर आला की शेतकऱ्याची झोप मोडते. रानडुकरांचा कळप झुडपांतून निघतो आणि पहाटेपर्यंत उभे पीक उकरून ठेवतो. उरलेल्यावर रोही ताव मारतात. मचाणीवर जागलीला बसलेला पोरगा टिनाचा डबा बडवतो, एखादा सुतळी बॉम्ब लावतो आणि मधल्या वेळात मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतो. तिथल्या दुकानात रायफली भिंतीवर ओळीने टांगलेल्या. चाप ओढला की गोळी सुटते, पुंगळी बाजूला उडते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. आपल्याकडे असली एक असती तर, असे त्याच्या मनात आले नाही तरच नवल.

हा विचार यावा तोही पवनारात! १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी याच गावात युद्धाविरुद्ध भाषण केले आणि ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. मात्र याच वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडारही आहे. जिल्ह्याला दोन्हींची सवय आहे.

पोराच्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे नियम यांनुसार अशी आपोआप भरणारी, म्हणजे लष्करी धाटणीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल प्रतिबंधित वर्गात मोडते. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस जिच्यात बसते अशी रायफल, मग ती हाताने बोल्ट ओढायची का असेना, त्याच वर्गात. पिस्तुलाची गोष्ट वेगळी; काही बोअरची सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुले परवान्यावर मिळतात. प्रतिबंधित शस्त्र बेकायदा जवळ बाळगले तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि कमाल १४ वर्षांची कैद आहे. त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

ज्यांच्याकडे परवान्याची रायफल आहे, त्यांच्याकडे बहुधा ‘.३१५’ असते. हे विचित्र माप इंग्रजांच्या धास्तीतून आले. फौजेचे .३०३ काडतूस सामान्य माणसाच्या रायफलीत बसता कामा नये, म्हणून मापच वेगळे ठेवले. इंग्रज गेले, धास्ती राहिली. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने पुढेही .३१५ रायफली बनवल्या: घडण जुन्या ली-एन्फिल्डची, काडतूस निराळे.

पण डुकरांसाठी रायफल हवी तरी का? ७.६२ची गोळी तीन किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते. वर्ध्याच्या सपाट कपाशीच्या रानात नेम चुकला तर ती कुठे थांबेल, पुढच्या शेतातल्या बैलाला लागेल की पलीकडच्या मचाणीवरच्या माणसाला, हे अंधारात कोणी सांगावे? याउलट बारा बोअरच्या दुनळीचे मोठे छर्रे तीस-चाळीस मीटरपर्यंत काम करतात आणि मग त्यांचा जोर झपाट्याने ओसरतो. शेतात हीच उणीव गुण ठरते. म्हणून पीकरक्षणाच्या परवान्यात कायद्याचा कल गुळगुळीत नळीच्या, अगदी भरमार बंदुकीकडेही आहे. या दुनळीची ‘शक्तिमान’ काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. आणि बंदूक हाती आली तरी डुक्कर मारण्याची मुभा मिळत नाही. वन विभागाची परवानगी नसेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो.

नेमबाजीची हौस असेल तर गणित पुन्हा बदलते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकले. गुडघ्यावर, पालथे आणि उभे, अशा तीन स्थितींतला हा खेळ .२२च्या रायफलीचा. इथे एक काडतूस घालायचे, श्वास रोखायचा, एक गोळी सोडायची. झटपट गोळ्या सुटण्याचा इथे काडीचा उपयोग नाही. नवशिक्याने तर १० मीटरच्या एअर रायफलपासूनच सुरुवात करावी. .१७७ बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवान्याचा व्यापही नाही.

मग मराठी माणूस पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल हाती घेतो तरी कुठे? बहुतेकदा पोलीस भरतीनंतर, चांदमारीच्या मैदानावर. ती असते एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल. साडेचार किलोंच्या आसपासचे ते धूड पहिल्या गोळीला खांद्यात असा दस्ता हाणते की पोरे संध्याकाळी बनियन सरकवून एकमेकांना काळेनिळे वळ दाखवतात. मॅगझीन वीस गोळ्यांचे. चाप एकदा ओढला की गोळी एकच. सराव संपला की गवतात वाकून पुंगळ्या वेचायच्या आणि हिशेब जुळवून द्यायच्या. एक जरी कमी भरली तरी सगळी तुकडी शोधाला लागते.

ही रायफल देशाने निवडली ती ठेच लागल्यावर. १९६२च्या चीन युद्धात आपला जवान थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट दर गोळीला ओढत होता आणि समोरच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइन होत्या. त्यानंतर बेल्जियमच्या ‘फाल’ रायफलीच्या धर्तीवर ईशापूरला एसएलआर तयार होऊ लागली. मोकळ्या मैदानात, दूरच्या शत्रूवर ती खणखणीत. पुढे विचार पालटला: गोळी हलकी असली तर जवान जास्त काडतुसे वाहील. त्यातून ५.५६ची इन्सास आली, १९९०च्या दशकाच्या अखेरीस सैन्यात रुळली आणि लगेच कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. काश्मिरात दहशतवाद्यांशी गाठ पडणारे जवान तर एके-४७लाच पसंती देत. अखेर २०१९मध्ये लष्कराने अमेरिकेच्या ‘सिग ७१६’ या ७२,४०० रायफली मागवल्या. गोळी पुन्हा ७.६२ची! २०२१मध्ये अमेठीजवळच्या कोरव्यात एके-२०३ बनवण्याचा सहा लाखांहून अधिक रायफलींचा करार झाला. एकाच सैन्यात दोन निराळ्या रायफली हा गोंधळ वाटतो, पण तो शहाणपणा आहे. लांबच्या माऱ्याची रायफल आणि जवळच्या झटापटीची रायफल एकच असावी, हा हट्ट आपल्याला बराच काळ महागात पडला.

पोलिसांनी तर तो हट्टही धरला नव्हता. जे मिळाले ते खांद्याला लावले. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या सीएसटीवर एके-४७वाल्या दहशतवाद्यांसमोर रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव उभे राहिले, ते सहकाऱ्याच्या हातची थ्री-नॉट-थ्री घेऊन. धैर्याला तोड नव्हती. रायफल मात्र त्या कामाची नव्हती.

गडचिरोलीच्या जंगलात माओवाद्यांशी लढणाऱ्या पोलिसांना झाडोऱ्यामुळे समोरचे पंचवीस पावलांवरही दिसत नाही. तिथे लांब नळीची एसएलआर वेलींत अडकते, आखूड एके कामी येते. ऑक्टोबर २०२५मध्ये भूपती हा माओवादी नेता साठ साथीदारांसह शरण आला, तेव्हा ५४ शस्त्रे खाली ठेवली गेली. १९६०च्या मे महिन्यात चंबळच्या वीस डाकूंनी अशाच बंदुका ठेवल्या होत्या, त्या पवनारच्या विनोबांपुढे.

मचाणीवरच्या पोराला तरीही अर्ज करायचाच असेल, तर तो वर्ध्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करावा. त्यात शस्त्र कशासाठी हवे ते लिहावे लागते. तिथे खरे कारण लिहावे, आणि ते डुकरांचे असेल तर दुनळीच मागावी. तोवर सकाळी शेतात जाऊन नुकसानीचे फोटो काढावेत, पंचनामा करून घ्यावा आणि वन विभागाकडे भरपाईचा अर्ज त्याच दिवशी टाकावा.