रोटरी इंजिनाचा समतोल

रोटरी इंजिनात मागेपुढे धावणारा पिस्टन नसतो. कमरेशी किंचित दबलेल्या लांबट पोकळीत तीन कोनांचा रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही बाजूंवर आळीपाळीने इंधनमिश्रण ओढणे, दाबणे, जाळणे व धूर बाहेर टाकणे ही कामे होतात. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चालले; पुढे जपानच्या माझदानेही ते मोटारींत वापरले.

हे इंजिन हादरे न देता चालते अशी त्याची ख्याती आहे. मात्र केवळ फिरण्यामुळे ही शांतता येत नाही. रोटर शाफ्टच्या मध्यावर बसवलेला नसतो. तो शाफ्टवरच्या उत्केंद्र गोलावर बसतो. माझदाच्या १३बी इंजिनात हे बाजूला सरकणे १५ मिलिमीटर आहे. रोटर चार किलोचा धरला आणि शाफ्ट मिनिटाला ६००० फेरे घेत असला, तर बेअरिंगवर सुमारे २३,७०० न्यूटन, म्हणजे जवळपास २४०० किलो वजनाइतका ओढा येतो, आणि त्याची दिशा सेकंदाला शंभर वेळा पूर्ण फिरते. वेग दुप्पट झाला की हा ओढा चौपट होतो.

हा ओढा पूर्णपणे नाहीसा करता येतो, हे या रचनेचे खरे सौंदर्य. पिस्टनचा जोर एका रेषेत कमीजास्त होत राहतो, म्हणून फिरते वजन लावून तो पुरता मारता येत नाही. रोटरचे वस्तुमानकेंद्र मात्र त्याच्या मध्यावर असते आणि तो मध्य शाफ्टच्याच वेगाने अचूक वर्तुळात फिरतो. शाफ्टच्या हिशेबी सारा रोटर म्हणजे त्या मध्यावर ठेवलेले एक वजन. विरुद्ध बाजूला योग्य काउंटरवेट बसवले की कोणत्याही वेगाला दोन्ही ओढे एकमेकांना फेडतात.

काउंटरवेट एक नसते, दोन असतात. रोटरच्या एकाच अंगाला वजन लावले तर ओढे बरोबरीचे होतील, पण ते एका प्रतलात नसल्याने शाफ्टची टोके उलटसुलट डोलतील. दोन रोटरांच्या इंजिनातही असेच घडते. समोरासमोरच्या रोटरांचे ओढे आपसांत फिटतात, डोलणे उरते. म्हणून पुढे एक आणि मागे फ्लायव्हीलपाशी एक अशी वजने लागतात.

तोल तपासण्याची साधी रीत अशी: काटोलच्या संत्राबागेतल्या फवारणी यंत्राचा पंखा किंवा जिनिंगमधली पुली दोन समपातळीतल्या पट्ट्यांवर आडव्या दांड्यासह सोडली, तर जड बाजू आपोआप खाली येते. कमी रुंदीच्या भागाला ही स्थिर तपासणी पुरते. लांब शाफ्टचे डोलणे तिच्यात दिसत नाही. त्याला फिरवूनच तपासावे लागते. रोटरी इंजिनासाठी बॅलन्सिंग यंत्रावर शाफ्टच्या उत्केंद्र गोलाला रोटरच्या वजनाइतके गोल वजन बांधतात. त्यात रोटर, त्याचे बेअरिंग, सील आणि तेलाने थंड होणाऱ्या रोटरात साचणारे तेलसुद्धा धरावे लागते. मग दोन प्रतलांतली चूक ग्रॅम-मिलिमीटरमध्ये मोजून काउंटरवेटला भोक पाडून जादा धातू काढतात. जी ६.३ या आंतरराष्ट्रीय दर्जाप्रमाणे ६००० फेऱ्यांना वस्तुमानकेंद्र मध्यापासून फक्त ०.०१ मिलिमीटर सरकलेले चालते.

रोटर स्वतःभोवती शाफ्टच्या एकतृतीयांश वेगाने फिरतो, म्हणून त्याचेही वस्तुमानकेंद्र नेमके मध्यावर हवे. तिथली चूक मंद गतीचा वेगळा हादरा देते आणि कोणतेही काउंटरवेट तो भरून काढू शकत नाही.

महाराष्ट्रात रोटरी इंजिनाचे मोठे काम संरक्षण संशोधनात झाले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील वाहन संशोधन संस्था व्हीआरडीई आणि बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज व विमान विकास संस्था एडीई यांनी 'निशांत' या चालकविरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन विकसित केले. इंजिनाचा गाभा बंगळुरूच्या प्रयोगशाळेने, तर इग्निशन आणि इंधनयंत्रणा व्हीआरडीईने केली. २००९ मध्ये कोलारला ते निशांतवर उडाले. अशा विमानात इंजिन आणि टेहळणीचे कॅमेरे एकाच हलक्या सांगाड्यावर असतात, त्यामुळे हादरे थेट चित्रापर्यंत पोचू शकतात.

दुरुस्तीत रोटर बदलताना तोलाचा हिशेब नव्याने जुळवावा लागतो. नव्या रोटरचे वजन जुन्याहून वेगळे असले, तर काउंटरवेटही त्याला जुळणारे घ्यावे लागते किंवा सगळा जोड पुन्हा यंत्रावर चढवावा लागतो.