मुद्रित सुरांचा दुसरा प्रवास

विजेच्या गिटारीचा नाद केवळ तिच्या तारांतून निघत नाहीं. त्याचा अर्धा जन्म ॲम्प्लिफायरच्या पेटींत होतो. तारेच्या कंपनानें गिटारीवरील पिकपमध्यें विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. ॲम्प्लिफायर त्याला बळ देतो, पण तें देतांना त्याचें रूपहि पालटून टाकतो. व्हॉल्व्हवर भार अधिक पडला, कीं लहरींचीं टोकें चेपतात, मूळ स्वरांत नव्या उपस्वरांची भर पडते आणि मंजुळ नाद खरखरीत होतो. पायानें दाबावयाच्या ज्या लहान पेट्यांना वादक पेडल म्हणतात, त्या याच नादाला प्रतिध्वनि, कंप अथवा कर्कशपणा देतात.

ध्वनिमुद्रणाची रूढ रीत अशी, कीं ॲम्प्लिफायरपुढें मायक्रोफोन ठेवावा, वादकानें वाजवावें आणि जें उमटेल तें मुद्रित करावें. या रीतींत वादन आणि नाद हीं दोन्हीं एकाच क्षणीं कायमचीं ठरून जातात. एखादा वादक असें कांहीं वाजवून जातो, कीं तें पुन्हां त्याच्या हातून उतरत नाहीं. आणि दुसऱ्या दिवशीं ड्रम व गायन यांच्या जोडीला तें बसवूं गेलें असतां ध्यानांत येतें, कीं नाद नको तितका खरखरीत झाला आहे. तव्यावरून उतरलेल्या भाकरीचें पुन्हां पीठ होत नाहीं. चांगलें वादन टाकून द्यावें, कीं वाईट नाद पत्करावा, एवढाच प्रश्न मग उरतो.

या पेचांतून सुटण्याची जी युक्ति निघाली, तिला रीॲम्पिंग म्हणतात. छायाचित्रकाराच्या काचेवर मूळ प्रतिमा एकदां नीट उतरली, कीं तिच्यावरून फिकट वा गडद अशा हव्या तितक्या प्रती काढतां येतात; तसाच हा प्रकार आहे. वादन चालू असतांनाच गिटारीचा कच्चा प्रवाह ‘डायरेक्ट बॉक्स’ नांवाच्या पेटीमार्फत निराळ्या ट्रॅकवर नोंदवून ठेवतात. तो नुसता ऐकला, तर कोरडा वाटतो. पुढें सवडीनें हाच मुद्रित प्रवाह पेडल व ॲम्प्लिफायर यांतून सोडावयाचा, लाउडस्पीकरपुढें मायक्रोफोन ठेवावयाचा आणि नवा नाद दुसऱ्या ट्रॅकवर घ्यावयाचा. वादक घरीं झोंपलेला असला, तरी त्याचें वादन इकडे घुमत असतें. शहरांतल्या दाटीच्या वस्तींत राहणाऱ्या वादकाला तर याचा विशेष लाभ आहे; रात्रीं शेजाऱ्यांची झोंप न मोडतां त्याला कच्चें वादन नोंदवून ठेवतां येतें.

कल्पनेचें मूळ जुनें आहे. १९४७ सालीं शिकागो येथें बिल पटनम यांनीं ‘हार्मोनिकॅट्स’ या वाद्यवृंदाच्या मुद्रिकेसाठीं एका स्नानगृहाचा प्रतिध्वनीच्या खोलीसारखा उपयोग केला होता. १९६६ सालीं बीटल्स मंडळींच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गीतांत जॉन लेनन यांचा आवाज, ऑर्गनसाठीं वापरल्या जाणाऱ्या फिरत्या ‘लेस्ली’ लाउडस्पीकरांतून काढून मायक्रोफोननें टिपण्यांत आला. पुढें १९९० नंतरच्या दशकांत जॉन क्युनिबर्टी या अमेरिकन ध्वनिमुद्रकानें या कामासाठीं ‘रीॲम्प’ नांवाची खास पेटी तयार केली आणि तेंच नांव साऱ्या पद्धतीला चिकटलें.

खास पेटीची गरज कां लागावी? मुद्रणयंत्राची तार थेट ॲम्प्लिफायरला जोडली, तर दोन जातींच्या प्रवाहांची गांठ पडते. स्टुडिओंतील यंत्रांचा प्रमाण दाब सुमारें १.२३ व्होल्ट असतो; गिटारीचा बहुधा त्याहून पुष्कळ कमी. शिवाय गिटारीच्या पिकपचा अंतर्गत अवरोध हजारों ओहम असतो, तर मुद्रणयंत्राचा शंभर-दोनशेंच्या घरांत. कांहीं पेडलना, विशेषतः जुन्या धर्तीच्या फझ पेडलना, हा फरक तत्काळ जाणवतो आणि त्यांचा नाद बदलतो. तिसरी अडचण गुणगुणीची. दोन यंत्रांच्या भू-तारा परस्परांस मिळून वेटोळें झालें, कीं घरगुती विजेची गुणगुण नादांत शिरते. पेटींतील ट्रान्स्फॉर्मर हें वेटोळें तोडतो. तसेंच पेटी दाब कमी करते आणि अवरोध वाढविते. तात्पर्य, ॲम्प्लिफायरला समोर खरी गिटारच आहे असा भास व्हावा, एवढेंच तिचें काम.

तरीहि सावधगिरी हवी. ध्वनीला एक मीटर अंतर कापावयास सुमारें तीन सहस्रांश सेकंद लागतात. म्हणून नवा नाद कच्च्या नादापेक्षां किंचित् मागें पडतो. दोन्ही एकत्र वाजवावयाचे असल्यास ते जुळवून घ्यावे लागतात, नाहींतर कांहीं लहरी परस्परांस मारतात आणि नाद पोकळ होतो. कच्च्या ट्रॅकमधली बारीकशी गुणगुणहि खरखरीत ॲम्प्लिफायरमध्यें दसपटीनें मोठी होऊन बाहेर पडते.

यापेक्षां मोठी मर्यादा संगीताची आहे. जवळच्या लाउडस्पीकरचा गडगडाट तारांना पुन्हां हालवितो आणि स्वर आपोआप लांबत जातो. वादक तो ऐकून बोटांचा जोर कमीअधिक करतो. मुद्रित तार मात्र हालत नाहीं आणि मुद्रित बोट कांहीं ऐकत नाहीं. यास्तव जाणते ध्वनिमुद्रक वादकाला वाजवितांना खरा ॲम्प्लिफायर ऐकूं देतात आणि कच्चा प्रवाह केवळ जोडीला राखून ठेवतात. पहिला नाद साधला, तर तोच कायम होतो. न साधला, तर दुसऱ्या प्रवासाची वाट मोकळी असते.