कार्डिओग्राममधला प्रत्येक ‘ब्लॉक’ म्हणजे नस बंद नव्हे



शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या कितीतरी बायका तपासणीसाठी मुंबईत लेकीकडे, भावाकडे जातात. मुलुंडला अग्रवाल, घाटकोपरला राजावाडी ही महापालिकेची रुग्णालयं. तिथे कार्डिओग्राम निघतो आणि कागदावर ‘ब्लॉक’ शब्द दिसला की घरात घाबरगुंडी उडते. कोणी म्हणतं अँजिओग्राफी करा, कोणी गटातून कर्ज उचलायला निघतं. अर्ज भरण्याआधी हे समजून घ्या.

घरात पाण्याचा पाइप वेगळा, लाइटची वायर वेगळी. हृदयाचंही तसंच. नसेत चरबी साचून रक्त अडतं, तो पाइपचा ब्लॉक. त्याने हार्ट अटॅक येऊ शकतो. दुसरा वायरचा. हृदयाचा प्रत्येक ठोका बारीकशा करंटने पडतो. हा करंट वरच्या कप्प्यात तयार होऊन खालच्या कप्प्यांत जातो.

‘फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक’ म्हणजे करंट पोचतो प्रत्येक वेळी, फक्त थोडा उशिरा. कार्डिओग्रामच्या कागदावरचा एक बारीक चौकोन म्हणजे 0.04 सेकंद. करंटला पाच चौकोनांपेक्षा, म्हणजे 0.20 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की हे नाव देतात. ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’मध्ये उजव्या बाजूच्या वायरीतून करंट उशिरा जातो किंवा अडतो, तो डावीकडून फिरून पोचतो. हे दोन्ही धडधाकट माणसातही सापडतात. त्रास नसेल, बाकी तपासणी ठीक असेल तर बहुतेक वेळा औषध लागत नाही, शेतातली कामंही चालू राहतात. मात्र ‘लेफ्ट बंडल’, ‘सेकंड डिग्री’ किंवा ‘थर्ड डिग्री’ लिहिलं असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

ब्लॉक सौम्य असला तरी एवढं कराच:

• जुना कार्डिओग्राम जपून ठेवा, दरवेळी सोबत न्या. नवा बदल त्यावरूनच कळतो.
• बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी ठोके मंदावतात. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका.
• चक्कर येऊन पडलात, दम लागला, नाडी फार मंद वाटली तर लगेच दवाखाना गाठा.
• छातीत दुखून घाम फुटला तर ‘माझा ब्लॉक साधाच आहे’ म्हणत घरी बसू नका. 108 ला फोन लावा.

ज्यांच्या कागदावर ‘ब्लॉक’ आहे, त्यांनी डॉक्टरांना एकच विचारायचं: “हा नसेचा की करंटचा?” कर्जाचं त्यानंतर ठरवू.